चिमणीच्या वर गेलेला कंदील

भूतखेत, करणी, अंगात येणं... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. फिटर माणूस मी. बिघाड असला की कारण असतंच, शोधणाऱ्याला सापडतं. पण माझ्या ट्रंकेत एक फोटो आहे, त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही.

भिलाईचा स्टील प्लांट उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. मी आणि माझा धाकटा भाऊ नामदेव, गोंदियाकडच्या गावातून येऊन सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी प्लांटमध्ये कायम, तो ठेकेदाराकडे. अंधार पडला की प्लांटच्या नव्या, उंच चिमणीवर चढायचं, टोकाला विमानांसाठी इशाऱ्याचा लाल कंदील टांगायचा आणि रिकाम्या हातानं उतरायचं, हे त्याचं काम. आठवड्याभरात त्यालाही कायम करणार होते. त्या बातमीनं पोरगा जमिनीवर नव्हता!

गावी आईचा मात्र विश्वासच बसेना की तिचा लेक एवढा उंच चढतो. म्हटलं, फोटोच पाठवू. माझ्याकडे एक जुना कॅमेरा होता. मरोदा गावाच्या बाजूला माळावर स्टँड रोवला, नामदेव चढायला लागला तसं शटर उघडलं आणि तासभर उघडंच ठेवलं. असं केलं की चांदण्यांच्या वाकड्या रेघा उमटतात आणि चढत्या कंदिलाची एक सरळ रेघ. नामदेव उतरून माळावर आला, आम्ही सायकलवर डबलसीट घरी गेलो.

दुर्गच्या स्टुडिओतून फोटो धुऊन आला. कंदिलाची रेघ चिमणीच्या टोकाशी थांबलीच नव्हती. तशीच सरळ वर गेली होती — चांदण्यांमधून, फोटोच्या पार कडेपर्यंत. टोकावर टांगून ठेवलेल्या कंदिलाचा ठिपकासुद्धा नव्हता. स्टुडिओवाला म्हणाला, कॅमेरा हलला असेल. अहो, मग चांदण्याही हलल्या असत्या की!

माझ्या मनानं एकच घेतलं — हा वर जाणार आणि परत येणार नाही. पण सांगू कोणत्या तोंडानं? टिंगल करणारा मीच. त्याच दुपारी मी त्याचा गेटपास तांदळाच्या डब्यात लपवला.

"दादा, माहा पास पायला काय?"

"मले काय मालूम? नीट ठेवत जा ना."

त्यानं अख्खं घर उलथंपालथं केलं. गेटवर हातापाया पडला, कोणी आत सोडेना. त्या संध्याकाळी दुसराच माणूस कंदील घेऊन चढला. मी माळावर जाऊन त्याचाही फोटो काढला. रेघ टोकाशी थांबली, ठिपका उमटला, माणूस सुखरूप उतरला.

नवा पास मिळेपर्यंत चार दिवस गेले. ऐन वेळी दांडी मारली म्हणून ठेकेदारानं नामदेवचं नाव कायम करायच्या यादीतून कापलं. तो गावी परतला आणि जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबला.

आम्ही दोघं म्हातारे झाल्यावर एकदा तो आला, तेव्हा मी फोटो पुढे ठेवला. पासचंही सांगून टाकलं. म्हटलं, दे शिव्या. त्यानं फोटो उचलून खिडकीच्या उजेडात धरला.

"तवाच दाखोला असता तं मीच चार रोज सुट्टी मांगतली असती, दादा," तो म्हणाला. "मी का मरायले चढलो असतो? नोकरीबी रायली असती."

रेघ कुठून आली, मला आजही सांगता येत नाही. पास कुठे होता, ते मात्र मला ठाऊक होतं.