ओवाळून टाकलेला

कर्जतच्या शाळेत मी मास्तरकी करीत होतो, तेव्हा आमचे हेडमास्तर शाळेच्या शिपायाला उठता-बसता 'ओवाळून टाकलेला' म्हणत. एकदा मी त्यांना विचारले, की हा शब्द आला कुठून? ते म्हणाले, "अहो, ओवाळून टाकलेला म्हणजे वाया गेलेला, निलाजरा. एवढंही ठाऊक नाही?" ठाऊक होते. त्या शब्दाशी माझ्याइतके जवळचे नाते अख्ख्या तालुक्यात कुणाचे नसेल. आमच्या गावात माझ्या बापाला पाठीमागे सगळे त्याच नावाने ओळखत.

त्याला कारण आमचे शेत. कळंबच्या वाटेवर, ओहोळाला लागून, आमचे भाताचे खाचर होते आणि गावाची शीव नेमकी त्याच्या बांधावर संपत होती. घरात पोर तापले, गाईने दूध चोरले, सून माहेरून लवकर परतली नाही, काहीही झाले तरी आमच्या गावचा इलाज एकच. पळसाच्या पानावर भात, लिंबू, कुंकू आणि नारळ घ्यायचा, दुखणेकऱ्यावरून तीनदा ओवाळून उतरायचा, आणि तिन्हीसांजेला तोंडातून शब्द न काढता शिवेवर ठेवून मागे न बघता परत यायचे. ओहोळापलीकडच्या गावातही हीच अक्कल. तिकडचे लोक पाणी ओलांडून येत आणि आपला उतारा आमच्या बांधावर ठेवून जात. दोन गावांच्या इडापिडा आमच्याच भातात समोरासमोर बसलेल्या असत.

आता गंमत बघा. उताऱ्याला कुणी किडका नारळ घेत नाही. बाजारातून हलवून, पाणी वाजवून, चांगला बघून आणतात. पटकीच्या साथीत कोंबडी सोडायची तीही धडधाकट, बिनखोडीची. म्हणजे वस्तू मुळात घरातली सगळ्यात चांगली. तिला आपली घाण पुसायची, आणि मग तीच घाण म्हणून तिच्याकडे बघायचेही नाही. हा त्या शब्दाचा उगम. हेडमास्तरांच्या पुस्तकात तो नसावा.

माझा बा हे नारळ उचलून घरी आणत असे. "आरं, नारळानं काय पाप केलंय?" असे म्हणून तो पायरीवर एका फटक्यात फोडी. आईने पहिल्या वर्षी कपाळ बडवून घेतले, दुसऱ्या वर्षी चटणी वाटली. पटकीने धाडलेल्या कोंबड्या आमच्या खुराड्यात अंडी घालू लागल्या. आम्ही भावंडे दोन गावांच्या इडापिडा खाऊन चांगली गुटगुटीत झालो. कुणी आजारी पडेना, याचाच गावाला जास्त राग. "ह्याला अवदसा बी भिती," असे पाटील चावडीवर म्हणत.

पण त्या रागापायी एक झाले होते. आमच्या घरचे अन्न गावात कुणी खात नसे. आजा वारला तेव्हा तेराव्याला गाव आला, पंगतीला बसला, पानाभोवती पाणी फिरवून नमस्कार केला आणि उठला. भात तसाच पानावर. बा तुपाचे भांडे हातात घेऊन उभाच होता.  

पुढे बहिणीचे लग्न ठरले. स्थळ खालापूरकडचे, माणसे भली पण चौकस. गाव जर पुन्हा तसाच उठला, तर व्याही विचारणार, 'का हो, तुमच्या घरचं गाव का खात नाही?' आणि सांगायला शंभर तोंडे तयार होतीच. पोरीचे लग्न मांडवातच मोडले असते. आई देवाला नवस बोलत होती. बा नुसता भात निवडत होता.

आमच्यावर कृपा केली ती दुष्काळाने. त्या साली पावसाने भाद्रपदातच पाठ फिरवली. सगळ्या गावाची भाते करपली. ओहोळाकाठचे म्हणून आमचे खाचर तेवढे तगले. वैशाखात लग्न आले तेव्हा गावात नाचणीची पेजसुद्धा पातळ झाली होती, आणि आमच्या मांडवात तांबड्या भाताच्या वाफा निघत होत्या. सोबत वालाचे बिरडे.

गाव आला. लवकर आला. पाटील व्याह्यांच्या शेजारी बसले. बा तूप वाढत वाढत त्यांच्यापाशी थांबला. पाटलांचा हात पानावर आला, थबकला. व्याही बघत होते.  एवढ्यात बायकांच्या पंगतीतून पाटलांच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला, "वाढ रं भात! पान मोकळं पडलंय माजं!" मग काय विचारता. अवदसेला भिणारा गाव भातावर तुटून पडला. पाटलांनी तीनदा मागून घेतला. बायकांनी उरलेला भात पदरात बांधून घरी नेला. व्याही खूश होऊन म्हणाले, "गावाचा लई जीव हाय तुमच्यावर."

मांडवामागे जाऊन बा रडला. मी त्याला रडताना तेवढे एकदाच पाहिले. "जेवले रं," एवढेच तो म्हणत होता, "समदे जेवले."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला, खाचरावर गेलो. जावई-लेक दुपारी मांडवपरतणीला येणार होती, म्हणून बा घाईत आणि गाणे गुणगुणत चालला होता. बांधावर पोचलो आणि त्याचे गाणे थांबले. या टोकापासून त्या टोकापर्यंत पळसाची पाने ओळीने मांडली होती. आमच्याकडे जेवलेल्या प्रत्येक घराचे एक. पोटात गेलेली अवदसा लोकांनी संध्याकाळीच उतरून टाकली होती.

बा सवयीने पहिल्या नारळाला वाकला. आणि तसाच वाकलेला राहिला. पानावरचा भात तांबडा होता. त्या साली तो भात गावात दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

"ह्यो आपलाच हाय रं," तो म्हणाला.

पाटलांना आणि साऱ्या गावाला मला माहीत असलेल्या सगळ्या शिव्या मी मोठ्याने दिल्या. बाने मला गप्प केले. "पावनं यायची येळ झाली. त्यांच्या नजरंस नको पडाया." आम्ही एकेक पान उचलून राबाच्या ढिगात घातले. नारळसुद्धा. त्याने एकही ठेवला नाही. वर पालापाचोळा टाकून त्याने ढीग पेटवला आणि पुरता जळेपर्यंत तिथून हलला नाही.

घरी आलो तर आई जावयासाठी चटणीच्या तयारीत पाट्यापाशी बसली होती.

"आवं, आज नारळ नाय आणला?"

बा पाय धूत होता. वर न बघता म्हणाला, "नाय. आज कुणीच नाय टाकला."

आईने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "सुधारला गं बाई गाव!"