न गेलेल्या मुलीचा बॅनर

शिक्षण मेळ्यात फुकट काय मिळतं? कापडी पिशवी, पेन आणि एक फोटो. पिशवी-पेनासाठी मी भांडलो नसतो.

मी तेव्हा विद्यार्थ्यांच्या संघटनेसाठी पत्रकं लिहायचो. 'प्रश्न विचारा' हे माझं आवडतं वाक्य. माझी लहान बहीण बी.एस्सी. होऊन एकोडीला घरी होती. तिला बाहेरच्या देशात मातीचं शास्त्र शिकायचं होतं आणि त्यासाठी सरकारच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. कुठलं विद्यापीठ, कुठला कोर्स, हे कळावं म्हणून मीच तिला शहापूरच्या मेळ्यात नेलं.

मेळा हायवेवरच्या लग्नाच्या हॉलमध्ये होता. भर दुपारी पडदे ओढलेले. मंचावर नवरा-नवरीच्या मखमली खुर्च्या तशाच, रिकाम्या. खाली दहा टेबलं, दहा देशांची. प्रत्येक टेबलामागे निळ्या कोटातला एक तरुण, आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य तेच : "तुमची प्रोफाइल स्ट्राँग आहे." बहिणीने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

मग आम्ही ती चूक केली. आमच्या घरात कागद म्हणजे ओरिजिनल. आजवर ज्या ज्या खिडकीवर झेरॉक्स नेली, तिथून 'ओरिजिनल आण' म्हणून परत पाठवलं गेलं. त्यामुळे मार्कशीट, जातीचा दाखला, पडताळणीचं प्रमाणपत्र, सगळं एका फायलीत घालून पुढे सरकवायचं, ही आमची रीत. झेरॉक्स दिली तर आपणच खोटे ठरू, अशी भीती. एका टेबलामागचा कोटवाला म्हणाला, "फाईल ठेवून जा, स्कॅन करून पाठवतो." बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ठेव." 'तुम्हाला पैसे कोण देतं?' एवढं साधंही मी त्याला विचारलं नाही. मग त्यांनी तिला काळा गाऊन चढवला, चौकोनी टोपी घातली आणि फोटो काढला.

फाईल आली नाही. फोन केला की एकच गोड आवाज : "प्रक्रियेत आहे."

धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेजारची मावशी बांधावर थबकली. बहीण चिखलात उभी होती. मावशीने तिला खालून वर पाहिलं.

"तू कधी आली वं?"

"मी कुठी गेली होती, मावशी?"

"मंग शहापुरात थो फोटो कोनाचा? पोरगी पोहोचली म्हनून लिहून हाय ना!"

मी जाऊन पाहिलं. हायवेवर घराएवढा बॅनर. माझी बहीण गाऊनमध्ये, मागे कुठलीशी दगडी इमारत, झाडांवर बर्फ. खाली पुढच्या मेळ्याची जाहिरात. तिचे डोळे जरा मोठे केले होते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, माझ्या मागे पाहत होती.

त्यानंतर गावाने तिला गेलेलीच धरली. दुकानदार तिला सामान देताना माझी खुशाली विचारायचा, तिची नाही. मैत्रिणी फोनवर म्हणायच्या, तिकडे थंडी असेल ना. ती 'मी घरीच आहे' म्हणाली की हसायच्या. आधी तीही हसायची. मग फोन उचलेनाशी झाली. एका दुपारी आईने जेवायला एक ताट कमी मांडलं. कोणाचं, ते आईलाही लवकर कळेना. बहीण भिंतीला टेकून बघत राहिली.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला आठ दिवस उरले होते. मूळ कागद नाहीत तर अर्ज नाही. रविवारी बॅनरवरचा तो पुढचा मेळा होता; आम्ही पुन्हा त्याच हॉलमध्ये गेलो.

कोटवाल्याने तिचं नाव ऐकून भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. "त्या तर गेल्या. तुम्ही त्यांच्या कोण?"

"मीच ती."

"सगळ्या असंच म्हणतात," तो शांतपणे म्हणाला. "फाईल विद्यार्थ्यालाच देतो. पासपोर्ट दाखवा."

"पासपोर्ट काढलाच नाही मी."

"मग तुम्ही त्या नाही."

मी पत्रकातली वाक्यं जुळवू लागलो. बहिणीने मात्र आवाज चढवला, अगदी गावच्या बोलीत.

"मंग बिनापासपोर्टची थे पोरगी गेली कशी गा? सांग ना सगळ्यायले!"

शेजारच्या टेबलावर एक बाप पिशवीतून फाईल काढत होता. त्याचा हात थांबला. बाकीच्या टेबलांवरची माणसं वळून पाहू लागली. कोटवाला वाकला आणि टेबलाखालून गठ्ठा ओढला. पन्नासेक फायली, सगळ्या आमच्यासारख्याच, कडेला पिवळ्या पडलेल्या. तिची वरून तिसरी होती. तिने तिथेच उभं राहून एकेक कागद तपासला.

मेळ्यात जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जा. पण विचारायला जा, द्यायला नाही. झेरॉक्स न्या, तिच्यावर आडवं लिहा, 'फक्त चौकशीसाठी'. कोर्सचं नाव लिहून घ्या आणि घरी येऊन विद्यापीठाच्या स्वतःच्या साइटवर पाहा. त्याच दिवशी सही करू नका. फोटो काढू देऊ नका.

परतीच्या एसटीत ती फाईल छातीशी धरून बसली होती. लाखनी मागे गेलं. मग म्हणाली, "दादा, माह्या फायलीच्या खालच्या फायलीवर गाव दिघोरी लिहून होतं. पोरीचंच नाव होतं."

"उद्या जाऊ," मी म्हणालो.

"उद्या फॉर्म," ती म्हणाली. "परवा दिघोरी."