सावनेरच्या बसच्या वेळा

आता काहीही अडलं की फोनला विचारायचं, पापणी लवायच्या आत उत्तर हजर. मीही दिवसातून दहादा विचारतो आणि दर वेळी थोडा चिडतो. एवढ्याशा उत्तरासाठी मी कधीकाळी भर उन्हात सायकल हाणत वाचनालयात जायचो, आणि त्याची मला कोण मिजास होती!

प्रश्न ताईचे असायचे. मी कॉलेजात असताना तिचं लग्न झालं आणि ती सावनेरला गेली. खुशाली लिहून झाली की पोस्टकार्डाच्या तळाशी एक प्रश्न. जिराफाले आवाज असते काय गा? शहामृगाचं अंडं केवढं? मी ज्ञानकोश उघडायचो आणि उलटटपाली उत्तर धाडायचो. येणारं-जाणारं प्रत्येक पोस्टकार्ड आधी तिच्या सासऱ्यांच्या हाती पडायचं, त्यामुळे तिला मनातलं लिहायची सोय नव्हती. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण माझी सारी अक्कल ज्ञानकोशात गेलेली.

एका उन्हाळ्यात तिनं विचारलं, नागपूरहून इकडे येणाऱ्या बसच्या वेळा कोणत्या? मी त्याच दिवशी बसस्थानकावर जाऊन फळ्यावरच्या सगळ्या वेळा सुवाच्य अक्षरात उतरवल्या. दुपारची बस रविवारी नसते, हेसुद्धा लिहिलं. आमच्याकडे लेकीला माहेरी आणायला भावानं जायचं असतं. मुराळी दारात आल्याशिवाय सासरचे तिला सोडत नाहीत. हे मला ठाऊक होतं. बस तिच्या घरासमोरच थांबते, हेही ठाऊक होतं. तरी मी गेलो नाही. काही अडचण होती असंही नाही, सुचलंच नाही.

दिवाळीत बाबा तिला घेऊन आले. भाऊबीजेचं ओवाळून झाल्यावर मी फुशारकीनं विचारलं, "वेळा बरोबर होत्या ना?"

"बरोबर होत्या गा," ताई हसली. "तू साऱ्याच लिहून धाडल्या, तं मले वाटलं एखादीतून येशीनच. पिशवी भरून ठेवली होती. दर बसले ओट्यावर उभी राहिली मी."

"किती दिवस?"

"पाऊस लागेपर्यंत."

ताईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला अजून तिला आणायला जायचं आहे.