भाऊजींचा रिमोट

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जन्मभर क्रेन चालवत आले. उंच इमारत बांधताना आभाळात उभी दिसते ती क्रेन. सकाळी शिडीने वर चढायचं, काचेच्या खोक्यात बसायचं आणि दिवसभर लोखंड वर-खाली करायचं. खालून पिवळ्या हेल्मेटवाला एक माणूस वॉकीटॉकीवर सांगायचा, वर, डावीकडे, हळू, थांब. भाऊजी तसं करायचे. त्या माणसाशी ते ताईपेक्षा जास्त बोलले असतील. पण वरून दिसायचं ते नुसतं हेल्मेट. निरोपसमारंभात तो बोडक्या डोक्याने समोर आला, तर भाऊजींनी त्याला ओळखलंच नाही. त्याने "हळू" म्हटलं, तेव्हा कुठे गळ्यात पडले.

गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि भाऊजी जमिनीवर आले. जमिनीवर काय करायचं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पंख्याकडे बघत बसायचे. मला त्यांची दया यायची आणि रागही यायचा, कारण ताई सगळं मलाच ऐकवायची. मग एक दिवस त्यांनी मॉडेल हेलिकॉप्टर आणलं. खेळण्यातलं नव्हे, खरं इंजिन असलेलं, नायट्रोच्या इंधनावर चालणारं, सुट्या भागांत. ते जोडायला त्यांनी घरातलं एकुलतं एक जेवणाचं टेबल अडवलं आणि आम्ही सगळे मांडीवर ताट घेऊन जेवू लागलो. शेवटी ताईने अट घातली: पहिल्याच उड्डाणात ते पडलं तर तुकडे भंगारात, टेबल माझं, आणि हा विषय कायमचा बंद. भाऊजी हो म्हणाले. त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलं नाही, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

आता रिमोट घ्यायचा होता. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. गाडी माझी असल्यामुळे हे भोग माझ्याच वाट्याला आले. दुकानदार उत्साही निघाला. हेलिकॉप्टरला एकाच वेळी बरंच काही सांभाळावं लागतं, म्हणाला. वर-खाली, पुढे-मागे, कलणं, शेपटी, इंजिनाचा वेग. एकेका कामाला एक चॅनेल, म्हणजे निदान सहा तरी हवेत. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आवाज तुटला तर काय करायचं?"

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी उलगडून सांगितलं. क्रेनवरचा पहिला नियम असा, की खालचा आवाज तुटला की हात जागच्या जागी. पुन्हा आवाज येईपर्यंत काही हलवायचं नाही. दुकानदाराने एक स्वस्तातला रिमोट दाखवला. सिग्नल तुटला तर हा शेवटचा हुकूम तसाच धरून ठेवतो, म्हणाला. भाऊजी खूश. हाच द्या, म्हणाले. दुकानदाराने तो घाईघाईने कपाटात ठेवला. इंजिन भरधाव असताना सिग्नल तुटला तर भरधावच राहील आणि पाती कुणाच्या तरी अंगावर जातील, हे पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी सिग्नल तुटताच इंजिन मंदावणारा रिमोट ठरला. त्यातही वर-खाली करायची दांडी उजव्या हातालाच हवी, कारण क्रेनवर तशी होती. बहुतेक लोक डाव्या हाताला घेतात, असं दुकानदार म्हणाला, पण आता त्याच्यात भांडायचं बळ नव्हतं.

हा रिमोट कॉम्प्युटरला जोडून पडद्यावर सराव करता यायचा. भाऊजी रोज करायचे आणि फार सुरेख उडवायचे. ताई मागे भाजी निवडत बसायची आणि तिचं तोंड चालूच असायचं: अहो, झाडात घालाल, वर घ्या, आता खाली, हळू जरा. आम्हाला वाटलं, भाऊजींच्या हातात उपजतच कला आहे.

रविवारी आम्ही तिघे, अशी हेलिकॉप्टरं उडवणारे जमतात त्या मैदानावर गेलो. तिथले म्होरके एक निवृत्त दंतवैद्य होते. उडवणाऱ्याशी कुणी चकार शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा कायदा. जन्मभर लोकांना तोंड उघडायला लावून झालं होतं, आता ते मिटवत होते.

इंजिन खोकलं, धूर निघाला आणि हेलिकॉप्टर उठलं. दोन मजले वर जाऊन थांबलं. इतकं स्थिर, की दंतवैद्यांनीही भुवया उंचावल्या. ते थांबलं आणि थांबूनच राहिलं. सगळे गप्प. जरा वेळाने दंतवैद्य घड्याळ बघून माझ्या कानात कुजबुजले की टाकी आता संपत आली असेल, आणि नवख्याच्या हातात इंजिन बंद पडलं तर ते दगडासारखं पडतं. मी भाऊजींकडे पाहिलं. कपाळावर घाम, बोटं दांड्यांवर आणि डावा कान जरासा खाली झुकलेला.

"ताई," मी हळूच म्हणालो, "कुणीतरी सांगेल म्हणून थांबलेत ते."

ताईने वर पाहिलं. नुसतं गप्प राहिली असती तर टेबल तिचं होतं. मला ती गप्प राहील अशी भीती वाटली, खोटं कशाला बोलू. मग तिने भाऊजींच्या त्या झुकलेल्या कानाकडे पाहिलं. दंतवैद्यांनी ओठांवर बोट ठेवलं, ते तिने बाजूला सारलं.

"अहो, खाली घ्या," ती म्हणाली. "हळू. अजून हळू. डावीकडे दगड आहे. हं, ठेवा."

हेलिकॉप्टर गवतावर टेकलं. पाती थांबायच्या आत इंजिन आपोआप बंद पडलं. टाकी कोरडी होती.

परतताना गाडीत ताईच म्हणाली, "इतकी वर्षं घरात बोलतेय, तेव्हा कधी ऐकलंत का?"

भाऊजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "वर काही लटकत असलं," ते म्हणाले, "की ऐकतो."

घरी आल्यावर ताईने टेबलावर एक जुना टॉवेल अंथरला, हेलिकॉप्टरच्या तेलाचे डाग पडू नयेत म्हणून, आणि आमची ताटं आमच्या मांडीवर आणून दिली.