भाचीच्या भुवया

माझ्या भाचीला हॉस्पिटलातच काम करायचं आहे. दुसरं काही सुचवलं की ती असा चेहरा करते, की सुचवणाऱ्याला आपणच काहीतरी चोरल्यासारखं वाटतं. आणि सगळा घोळ त्या चेहऱ्याचाच! तोंडातून ती चकार शब्द काढत नाही. पण मनात आलेलं सगळं भुवयांवर उमटतं.

आधी ती एक्स-रे विभागात शिकाऊ म्हणून लागली. फोटो काढणाऱ्यानं निदान सांगायचं नसतं. तिनं सांगितलं नाहीच. पडद्याकडे बघून नुसते डोळे विस्फारले. कंबर दाखवायला आलेले गृहस्थ तिथंच मृत्युपत्राची भाषा बोलू लागले. वास्तविक ती दचकली होती त्यांच्या खिशातल्या किल्ल्यांचा जुडगा बघून!

मग औषधांचं काउंटर. तिथं कडू औषध देताना ही आधी स्वतःच तोंड वाकडं करायची. पोरं बाटली उघडण्यापूर्वीच भोकाड पसरायची.

"मामा, मी काय करू? मला वाईट वाटतं त्यांचं."

"वाटू दे की! पण आतल्या आत वाटू दे!"

"हिला आत-बाहेर असं आहेच कुठे?" ताई, म्हणजे तिची आई, स्वयंपाकघरातून कडाडली. "सगळं दुकान दारातच मांडलेलं!"

शेवटी मेट्रनबाईंनी तिला कान तपासायच्या खोलीत धाडलं. "ही शेवटची संधी. इथं जमलं नाही तर घरी."

काम सोपं होतं. पेशंटनं समोर हेडफोन लावून बसायचं, हिनं बटण दाबून बारीक आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं हात वर करायचा. पाहता पाहता सगळ्या गावाचे कान ठणठणीत निघाले. दारावरची घंटा न ऐकू येणारे एक आजोबासुद्धा पास! डॉक्टरांनी मशीन उघडून पाहिलं. मशीन बिचारं निर्दोष.

"आवाजाचं मला ठाऊक नाही बुवा," आजोबा म्हणाले. "पोरीच्या भुवया वर गेल्या की मी हात वर करतो. इतक्या आशेनं बघते, नाही म्हणवत नाही."

मेट्रनबाईंनी कपाळाला हात लावला. "आता तुला ठेवू तरी कुठे? शवागारात?"

"चालेल?" भाचीनं नाक पुसत विचारलं.

"निघ!"

"निघते. पण आजोबांचा रिपोर्ट खोटा आहे हो, तो तरी नीट करू द्या." तिनं खुर्ची खर्रकन ओढली, भिंतीकडे फिरवली आणि खुणेनं आजोबांना तिथं बसवलं. या वेळी त्यांचा हात मांडीवरून जेमतेम हलला. तपासणी संपल्यावर त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं.

"कळलं," ते म्हणाले. "कानाचं मशीन लावा मला."

बाईंनी त्या खुर्चीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "खुर्ची अशीच राहू दे. आणि तूही राहा."

ही बातमी द्यायला मी धावतच ताईकडे गेलो. वाटलं, आनंदानं नाचेल.

"राहिली ना नोकरी? बरं झालं," ती कढई आपटत म्हणाली. "आता तिला सांग, जेवतानाही भिंतीकडे तोंड करून बस. माझी भाजी बिघडली की काय होतं, ते मला रोज बघवत नाही!"