युसूफमियाँची नाणेफेक

जानेफळात कबड्डीचे सामने असले की शिट्टी युसूफमियाँच्या तोंडात, हे ठरलेलंच. पंच म्हणून माणूस चोख. सख्ख्या मेहुण्याला एकदा त्याने मैदानाबाहेर काढलं आणि घरी आठवडाभर बायकोची, ताहेराची, बोलणी खाल्ली. पोटापाण्याला मात्र त्याचा कॉम्प्युटर क्लास होता, मेहकर रोडला, टिनाच्या शेडमध्ये. असा माणूस कॉम्प्युटरच्या नादी लागला की काय करणार? तो कॉम्प्युटरचेही सामने भरवणार!

सामने बुद्धिबळाचे, पण खेळणारी माणसं नव्हेत. कॉलेजातल्या पोरांनी बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम स्वतः लिहून आणायचा. दोन कॉम्प्युटर समोरासमोर मांडायचे, आणि प्रोग्रामांनी एकमेकांशी लढायचं. पट टीव्हीवर दिसणार. गावाने आधी खोखो हसून घेतलं आणि मग खुर्च्या धरायला गर्दी केली.

आठ प्रोग्राम आले. त्यांतला एक चंद्रशेखरचा. हा युसूफमियाँचा जुना विद्यार्थी, बीबी गावाजवळच्या खेड्यातला, शेगावला इंजिनिअरिंग शिकणारा. आदल्या दिवशीच तो आला.

"सर, सगळ्यांचे सगळ्यांशी डाव ठेवा. एका डावात कोणाचं काय कळते?"

"अन् पब्लिक बसन का बे तेवढी?" युसूफमियाँ म्हणाला. "हारला तो घरी. मजा त्यातच हाये. दुपारून लाइन जाते, तेबी पाहा लागते ना!"

तेही खरंच होतं. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत वीज पाहुण्यासारखी यायची. पण चंद्रशेखर दारातच घुटमळला.

"बाबा पाहाले येऊन राह्यले, सर. उद्यावरच हाये माह्यं सगळं."

युसूफमियाँला ते ठाऊक होतं. चंद्रशेखरचा बाप माणिकराव त्याचा जुना स्नेही. बीटी कपाशी आली तेव्हा माणिकरावानेही ती हौसेने लावली. पहिल्या वर्षी बोंडं बरी लागली. यंदा मात्र पऱ्हाटीवर लाल्या पडला, पानं लाल झाली आणि उभं वावर वाळून गेलं. पोराला शेवटच्या वर्षाला ठेवायचं तर बैलजोडी विकावी लागणार होती. बैल विकायचे की पोराला घरी आणायचं, हे तो सामने पाहून ठरवणार होता. बिचाऱ्याजवळ पोराची हुशारी जोखायचं दुसरं साधन तरी कोणतं होतं?

"मंग जिंक ना बे!" युसूफमियाँने पोराच्या पाठीवर थाप मारली.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात. भाताची होत असेल, माणसाची होत नाही.

पहिल्याच डावात चंद्रशेखरच्या प्रोग्रामने समोरच्याचा हत्ती मारला. शेडमध्ये टाळ्या पडल्या. आणि मग त्याला काय झालं कोण जाणे, तो तोच शह पुन्हा पुन्हा देत बसला. तीच मांडणी तिसऱ्यांदा आली आणि नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटला. आता हारला तो घरी म्हटलं, तर बरोबरीवाल्याला धाडायचं कुठे? पुन्हा खेळवावं तर लाइन जाणार. मग युसूफमियाँने कबड्डीच्या मैदानावर करायचा तेच केलं. खिशातून नाणं काढलं.

चंद्रशेखरने काटा मागितला. छापा पडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

माणिकराव आला तो यानंतर अर्ध्या तासाने. दोन बस बदलून, धुतलेला पांढरा सदरा घालून. येऊन थेट पहिल्या रांगेत बसला.

"जय भीम, युसूफभाई. आपल्या पोट्ट्याचा नंबर कवा हाये?"

चंद्रशेखर खाली मान घालून वायर गुंडाळत होता. युसूफमियाँनेच झालं ते सांगितलं. हरला नाही, बरोबरी झाली, मग नाणं उडवलं.

माणिकरावाने टीव्हीकडे पाहिलं. त्यावर दुसऱ्याच कुणाचा डाव चालला होता.

"वावरात पाऊस ठरवते, बाजारात व्यापारी ठरवते," तो म्हणाला. "मले वाटलं, इथं तरी अक्कल ठरवत असन. इथंबी नाणंच हाये, तं मंग वावर काय वाईट?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो उठला, पोराला घेऊन बसस्टँडकडे गेला. बैल राहिले. कॉलेज सुटलं.

पुढच्या वर्षी युसूफमियाँने दोन दिवसांचे सामने ठेवले, भाड्याचा जनरेटर आणला. सगळ्यांचे सगळ्यांशी डाव, एकदा पांढऱ्याने, एकदा काळ्याने. बरोबरीला अर्धा गुण. वरातीमागून घोडं, दुसरं काय! पब्लिक निम्मीच बसली. चंद्रशेखरचा प्रोग्राम क्लासच्या कॉम्प्युटरवर तसाच पडून होता. युसूफमियाँने त्यातलं अक्षरही न बदलता तो सामन्यात उतरवला. तो पहिला आला.

कप घेऊन युसूफमियाँ त्यांच्या खेड्यात गेला तेव्हा बापलेक वावरात फवारणी करत होते. चंद्रशेखरने पाठीवरचा पंप न उतरवताच कप पाहिला. हात औषधाचे म्हणून हातात घेतला नाही.

"चांगलं झालं, सर," तो म्हणाला आणि पऱ्हाटीच्या पुढच्या ओळीला लागला.

माणिकरावाने बांधावर बसून कप मांडीवर घेतला.

"नाणं उडवलं का, युसूफभाई?"

"नाई, भाऊ. अवंदा नाई उडवलं."

"पोट्ट्यानं प्रोग्राम नवा धाडला होता?"

खोटं बोलावंसं युसूफमियाँला फार वाटलं, पण जन्माचा पंच तो.

"नाई, भाऊ. तोच होता."