आरशातून नेम

मला वाचता आलेला पहिला शब्द 'धिक्कार' होता. नांदेडच्या आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे पलंगाखाली, शिलाई मशीनखाली आणि पिठाच्या डब्यावर असायचे. आई पापडही उरलेल्या पत्रकांवर वाळत घालायची, म्हणून आमच्या पापडांवर उलट्या अक्षरांत 'जाहीर निषेध' उमटलेला असे. बाबा कामगार संघटनेचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी बुवाबाजीविरुद्ध प्रयोग दाखवत गावोगाव फिरायचे. जिभेवर कापूर पेटवायचे, नारळातून करणी काढायचे, आणि लोकांनी हात जोडले की तिथल्या तिथे सांगायचे की हे असं केलं. चमत्कार दाखवायचा आणि लगेच उलगडायचा, ही आमच्या घरची रीत. उलगडा राहून गेला तर बाबांना जेवण जायचं नाही.

मी मोठी झाले आणि स्वतःच पत्रकं लिहू लागले. दारूविरुद्ध लिहिलं, हुंड्याविरुद्ध लिहिलं, वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांविरुद्ध लिहिलं. त्यामुळे लातूरहून मामाचा फोन आला तेव्हा मी आधी सावध झाले.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. यात्रांमध्ये त्याचा फुगे फोडायचा स्टॉल असतो. लाकडी फळीवर रंगीत फुगे, पुढे टेबलावर छर्‍याच्या तीन बंदुका, मागे पडदा, आणि पडद्यामागे बसून फुगे फुगवणारी मामी.

"भाचे, तुला बंदूक धरता येती का?" मामाने विचारलं.

"मामा, मी बंदुकीच्या विरोधात पत्रक लिहिलंय."

"म्हंजे येत न्हाई. शिकवतो की."

मग त्याने सगळी हकीकत सांगितली. फोनवर त्याला अमेरिकेतले व्हिडिओ सापडले होते. शेदीडशे वर्षांपूर्वी तिकडे गावोगाव तंबू ठोकून नेमबाजीचे खेळ व्हायचे. कुणी पाठमोरं उभं राहून, हातातल्या आरशात बघत, खांद्यावरून मागे गोळी झाडायचं. कुणी पत्त्याच्या कडेवर नेम धरून पत्ता मधोमध चिरायचं. आता तिथली काही हौशी माणसं तसेच कपडे घालून, तसल्याच जुन्या बंदुका घेऊन ते खेळ पुन्हा करून बघतात. त्यात बाया पण असतात, आणि मामाचं म्हणणं होतं की बाईच्या हातात बंदूक दिसली की माणूस थांबतोच.

"अन् मला माणसं थांबवायचीत," मामा म्हणाला. "यात्रा समितीवाला म्हणायलाय, तुमच्याकडं कुणी फिरकंना. पुढल्या साली पाळण्याजवळची जागा दुसऱ्याला देतो, तुमी बैलबाजाराच्या मागं जावा. आता बैलं फुगे फोडतेत का?"

लातूर जिल्ह्यातल्या त्या गावची महाशिवरात्रीची यात्रा मामाच्या वर्षातली सगळ्यात मोठी. आकाशपाळण्याशेजारची जागा गेली तर स्टॉलच गेल्यासारखा. मी दोन अटी घातल्या. खेळाआधी मी माझं पत्रक वाचणार, आणि जे काही होईल ते खरं असणार, लबाडी चालणार नाही.

"लबाडी कशाला," मामा म्हणाला. तो इतक्या लवकर कबूल झाला तिथेच मला कळायला हवं होतं.

सराव मामाच्या लातूरच्या घरामागे सुरू झाला. मी फुग्याकडे पाठ करून उभी राहायची, बंदूक उलटी खांद्यावर ठेवायची, डाव्या हातात मामीचा हातआरसा धरायचा. आरशात सगळं उलटं. डावीकडे सरकवायला जावं तर नळी उजवीकडे जाई. पहिल्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीला भोक पाडलं. शेजारीणबाई बघायला आल्या आणि धार कुठून येतेय ते पाहून म्हणाल्या, "बरं झालं, आमी तिथंच नळ बसवणार होतो." पाणीटंचाई भोगलेल्या लातूरच्या माणसाने टाकी फुटल्यावर असं बोलणं म्हणजे फार मोठं मन.

मामीने माझ्यासाठी कपडे शिवले. अमेरिकन जाकिटाला झालरी असतात असं मामाने तिला दाखवलं होतं. तिने माझ्या जुन्या जाकिटाला पोळ्याच्या गोंड्यांच्या झालरी लावल्या. मी ते घालून छुमछुमत बाहेर आले तेव्हा मामाने मला खालून वर पाहिलं.

"घुंगरं काढ," तो मामीला म्हणाला.

यात्रेच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्याकडून एकही फुगा फुटला नव्हता. मी मामाला म्हटलं, हे काही होणार नाही. तो म्हणाला, "गर्दीपुढं होतंय. काही काही माणसं गर्दीपुढंच खुलतेत."

आणि खरंच तसं झालं. पहिल्या खेळाला मी आरसा धरला, श्वास रोखला, घोडा ओढला आणि मागे फट्ट आवाज झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या खेळालाही फुटला. संध्याकाळपर्यंत पाळण्याच्या रांगेतली माणसं रांग सोडून आमच्याकडे यायला लागली. मामाच्या स्टॉलपुढे मी एवढी माणसं कधी पाहिली नव्हती. खेळ झाला की ती बंदुका उचलायची, फळीवरच्या फुग्यांवर नेम धरायची, आणि नेहमीप्रमाणे चुकायची.

मी मामाला श्वासाचं तंत्र समजावून सांगू लागले. मनगट कसं सैल ठेवायचं तेही सांगितलं. मामा मान डोलवत ऐकायचा. मामी पडद्यामागून म्हणायची, "सांग माय, सांग. त्याला काईच येत न्हाई." मी 'चमत्कार नव्हे, सराव' नावाचं नवं पत्रक लिहून काढलं, आणि बाबांना फोन केला की या, बघा, तुम्ही आयुष्यभर जे सांगत आलात त्याचा पुरावा इथे उभा आहे.

बाबा दुसऱ्याच दिवशी संघटनेतल्या एका जुन्या मित्राला घेऊन एसटीने आले. पुढच्या रांगेत मांडी घालून बसले. त्यांच्यामागे यात्रा समितीचा माणूस हाताची घडी घालून उभा होता. उदगीरकडचा भुसार व्यापारी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, चेहऱ्यावर काही दिसू न देणारा. मामाने मला डोळ्यांनी खुणावलं की हाच तो.

मी पत्रक वाचायला सुरुवात केली. "अमेरिकेत ज्या जमिनीवर हे खेळ रंगले, ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून बंदुकीच्या बळावर हिसकावलेली होती."

"सातबारा कुणाच्या नावावर होता?" गर्दीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं.

"त्यांच्याकडे सातबारा नव्हता, आजोबा."

"मग जाणारच की," म्हातारा म्हणाला, आणि आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या.

मी पुढे वाचलं. त्या काळचे नेमबाज हवेत फेकलेले काचेचे गोळे फोडायचे, तेव्हा पुष्कळदा काडतुसात एकच मोठी गोळी नसायची, बाजरीएवढे बारीक छर्रे भरलेले असायचे. ते पसरत जायचे आणि त्यातला एखादा तरी लागायचाच. आज तेच खेळ करून बघणारे लोक हे उघड सांगतात. "दंतकथांवर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "विचारा, यात युक्ती काय आहे." बाबांनी समाधानाने मित्राकडे पाहिलं.

मग मी पाठ फिरवली. बंदूक खांद्यावर ठेवली. आरसा उचलला आणि फुगा शोधू लागले. तेवढ्यात शेजारच्या मौत का कुआँमध्ये एका मोटरसायकलने धाडकन आवाज काढला, आणि माझा फुगा फुटला.

माझं बोट अजून घोड्यावर गेलंही नव्हतं.

मग जी टाळी पडली तशी आधी कधी पडली नव्हती. "नुस्तं बघितलं अन् फुटला," कुणीतरी म्हणालं. एक बाई नारळ घेऊन पुढे आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. "माहूरच्या आईचं वारं हाय पोरीच्या अंगात," ती मागच्या बायांना म्हणाली. मी तिला धरायला गेले तर गोंडे तिच्या बांगड्यांत अडकले.

बाबा उठून उभे राहिले. भोंदू बाबाच्या मठात शिरल्यावर ते जो आवाज लावतात, तोच आवाज त्यांनी लावला.

"ताई," ते मला म्हणाले, "बंदूक चालली कधी?"

मी बंदुकीची नळी खाली वाकवून आत पाहिलं. छर्रा आत तसाच होता. मी फळीला वळसा घालून मागे गेले आणि पडदा ओढला. मामी पाटावर बसली होती. फळीच्या भोकातून तिने बांबूची काडी बाहेर काढलेली होती आणि काडीच्या टोकाला पोती शिवायचं दाभण बांधलेलं होतं.

"मामी, हे काय आहे?"

"दाभण."

"दाभण आहे ते मला दिसतंय."

"मग इचारतीस कशाला?"

"मी तुमच्या दिशेने छर्रे मारत होते. लागला असता म्हणजे?"

"पडद्याला तरी लागला का गं एकदा?" मामी म्हणाली. "वर बघ."

मी वर पाहिलं. गर्दीनेही वर पाहिलं. डोक्यावरच्या ताडपत्रीची चाळणी झाली होती. माझा एकूण एक छर्रा तिथे गेला होता.

लोक हसले. मी हसले नाही. आयुष्यभर प्रत्येक बुवाला 'यात युक्ती काय' असं विचारणाऱ्या घरातली मी, आणि स्वतःच्या टाळ्यांबद्दल ते विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मामा टेबलाशी उभा होता. त्याचा चेहरा उतरला होता आणि तो समितीवाल्याकडे बघतही नव्हता. पण घरची रीत होती, आणि बाबा वाट बघत होते. मी पुढे येऊन सगळं उलगडलं. बंदुकीचा आवाज ही मामीची खूण, आणि आज ती मोटरसायकलला फसली. नारळवाल्या बाईने नारळ परत पिशवीत टाकला.

"मग या टेबलावरच्या बंदुका बी तसल्याच का?" एका तरुणाने विचारलं.

मामाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मान इतकीशी हलवली, नको म्हणून.

"हो," मी म्हटलं. "नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा वाकवलेला असतो."

मामाने डोळे मिटले.

"ते ठावंच हाय," तो तरुण म्हणाला. "माझ्या आज्याला बी ठावं होतं. कोणती कुण्या अंगाला वाकडी ते सांग की."

"ते सांगितल्यावर मी काय करू, भजन?" मामा डोळे न उघडताच म्हणाला, आणि पुन्हा हशा झाला.

समितीवाला पुढे आला. लोकांनी त्याला वाट दिली. मला वाटलं आता बैलबाजार. पण तो मामाकडे बघत नव्हता, मामीकडेही नाही. तो मान वर करून उभा होता.

"ताडपत्री समितीची हाय," तो म्हणाला.

"हाव," मामा म्हणाला.

"खेळाचं तुमचं तुमी बघा. माणसं तर जमायलीत. ताडपत्रीचं काय ते बोला."

"शिवून देतो, मालक."

"अन् जागा?" मामीने मधेच विचारलं.

त्याने गर्दीकडे पाहिलं. कुणीही हललं नव्हतं. "ऱ्हाऊ द्या हितंच," तो म्हणाला. "पण ह्या पोरीच्या हातात बंदूक देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा, बाबा आणि मी ताडपत्री जमिनीवर पसरून ठिगळं लावत बसलो. मामी वरून देखरेख करत होती. दुपारी स्टॉल उघडला तर लोक आल्या आल्या विचारू लागले, दाभणवाली बाई कुठाय. मामाने पडदा काढून टाकला आणि मामीचा पाट फळीशेजारी, सगळ्यांना दिसेल असा मांडला. त्याने मामीचा आरसा गिऱ्हाइकांच्या हातात दिला. आता गावातली माणसं पाठमोरी उभी राहून नेम धरत होती, आणि कुणाचा फुगा फोडायचा ते मामी ठरवत होती. नवी नवरी सोबत असलेल्या लाजऱ्या पोराचा ती फोडायची. मिशीला पीळ देत आलेल्याचा नाही फोडायची, मग तो कितीदाही येवो. माणसं मामीला दादापुता करायची, ताक आणून द्यायची.

बाबा तासभर बघत उभे होते. उलगडायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून ते बेचैन झाले होते.

संध्याकाळी समितीवाला देवदर्शनाला गेल्यावर मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा आरसा उचलला, श्वास रोखला, मनगट सैल सोडलं. घोडा ओढला. छर्रा वर गेला, नव्या ठिगळाच्या अगदी मधोमध.

मामी दाभण मांडीवर ठेवून चहा पीत होती.